मेंदूला मार लागल्यावर व्हीआरने लक्ष सुधारतं का?

तुमच्या भावाला स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागला. आता चालतो-बोलतो नीट, पण कशातच लक्ष टिकत नाही, आणि एका सेंटरने व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जग दाखवण्याचं, महागडं पॅकेज सुचवलंय. घ्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी इंदूरमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणं हे माझं काम. माझ्या मते तपासणीसाठी व्हीआर छान, पण उपचार म्हणून नुसतं तेवढंच पुरत नाही.

नेहमीच्या चाचण्या बंद खोलीत होतात. आकडे ऐकून उलटे म्हणायचे, कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने रेषेने जोडायचे. तिथे बरेच पेशंट पास होतात आणि घरचे विचारतात, "मग घरी असं का करतो?" अशा अपघातात बऱ्याचदा मेंदूचा पुढचा भाग आणि आतले जोडणारे तंतू दुखावतात. मग नको ते आवाज बाजूला सारणं, एका कामातून दुसऱ्यात शिरणं जड जातं. हे शांत खोलीत कळणार कसं? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट रिझो यांनी मुलांसाठी आभासी वर्ग तयार केला, त्यात फळ्यावर अक्षरं येत राहतात, ठरलेली जोडी आली की बटण दाबायचं, आणि तेवढ्यात खिडकीबाहेरून गाडी जाते. हेडसेट मान कुठे वळली तेही टिपतो. म्हणजे चूक झाली एवढंच नाही, कशामुळे झाली तेही दिसतं. आभासी दुकानात तर कुणी यादीतली साखर विसरतो, कुणी डावीकडच्या फळीकडे बघतच नाही.

उपचाराचं मात्र वेगळं आहे. खेळात रोज गुण वाढतात, कारण त्या खेळाची सवय होते. तेवढ्याने गल्ल्यावर बसून हिशेब जमेलच असं नाही. नुसत्या कॉम्प्युटरवरच्या सरावाचा रोजच्या कामात फारसा फायदा दिसत नाही, म्हणून तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही त्यावर भर देत नाहीत. त्यांचा भर आहे तो स्वतःला सावरायच्या युक्त्यांवर. थांब, यादी बघ, मग पुढचं. ही युक्ती व्हीआरमध्ये शिकवतात का, आणि नंतर बाहेर करून घेतात का, ते सेंटरला विचारा. आधी गल्लीतलं किराणा दुकान, सकाळी गर्दी नसताना; जमलं की संध्याकाळचा मारोठिया बाजार. याचं उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे वाचवा.

त्याला फिट येऊन गेली असेल तर हेडसेट लावण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना विचाराच. काहींना मळमळ, चक्कर होते, तेव्हा सेशन छोटं हवं. झोप नीट होते का, मन उदास आहे का, तेही बघा. फिटच्या काही गोळ्यांनीही सुस्ती येते. हे न तपासता थेट व्हीआर लावणं मला पटत नाही.

आणि सिम्युलेटरवर, म्हणजे आभासी गाडीवर, चांगले गुण आले म्हणून स्कूटर देऊ नका. आपल्या ट्रॅफिकमध्ये शाबूत डोक्याची माणसंही गडबडतात. गाडीचा निर्णय डॉक्टरांनी तपासून, सोबत बसून रस्त्यावर बघितल्यावरच.