३५ लाखांत फ्लॅट किती आणि पोटगी किती?

ऐरोलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ३८, मुलगी दहा वर्षांची, क्लासमध्ये शिकवून महिना २२,००० मिळतात. नवरा महापेला आयटीत. वर्षभर दोघं वेगळे राहतात, आता संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरतंय. नवऱ्याने दोन पर्याय ठेवलेत : एकरकमी ३५ लाख, नाहीतर मुलीच्या खर्चासकट महिना ३०,०००. दोन्हींत फ्लॅटवरचा हक्क सोडायचा. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, आजचा भाव साधारण ९५ लाख, कर्ज २८ लाख बाकी. ताई विचारतात, "सगळे म्हणतात एकरकमी घे, त्यावर टॅक्स नसतो. घेऊन मोकळी होऊ का?"

ताई, आत्ता आहे त्या स्वरूपात यातलं काहीच घेऊ नका.

कागद-पेन घ्या. ९५ मधून २८ गेले, राहिले ६७ लाख. त्याचे अर्धे साडेतेहेतीस. म्हणजे ३५ लाखांत तुमच्या वाट्याचीच किंमत जवळपास आली, आणि पुढच्या सगळ्या आयुष्याची पोटगी दीड लाख! महिन्याच्या पर्यायात तर वाटा फुकटच जातोय. ते म्हणतील, हप्ते मी भरले. म्हणू देत. तुमच्या पाटल्या मोडून सहा लाख डाउन पेमेंटला दिल्याचं तुम्ही लिहिलंय. सराफाची पावती आणि बँकेतली ती नोंद आजच शोधून ठेवा. वाटा नेमका किती, हे वकील ठरवतील. पण फ्लॅट आणि पोटगी हे दोन वेगळे व्यवहार आहेत, तडजोडीच्या कागदावर ते वेगवेगळ्या रकमांनीच यायला हवेत.

आता पोटगीचा आकडा. आपल्याकडे त्याचं ठरलेलं सूत्र नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली न्यायालय दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, वागणूक आणि एकूण परिस्थिती बघतं. लोक '२५ टक्के' म्हणतात ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधल्या कल्याण डे चौधरी प्रकरणातून आलंय. निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा वाजवी ठरेल, असं तिथे म्हटलं होतं. त्याच खटल्यात नवऱ्याचा हातात येणारा पगार ९५ हजारांच्या आसपास होता आणि रक्कम ठरली २०,०००, कारण त्याने दुसरं लग्न केलं होतं. म्हणजे २१ टक्केच. तेव्हा चौथा हिस्सा ही बोलणी सुरू करायची जागा आहे, हक्काचा आकडा नव्हे. तुमचे २२,००० सुद्धा हिशेबात धरले जातील, त्याचीही तयारी ठेवा.

पण चौथा हिस्सा कशाचा? तुम्ही पाठवलेली सॅलरी स्लिप मी दोनदा वाचली. हातात १,२८,००० दिसतात. कपातीच्या रकान्यात मात्र पीएफच्या खाली आणखी एक ओळ आहे : स्वेच्छेचा पीएफ, १५,०००. तुम्ही वेगळ्या झालात त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून ती सुरू झालीय. कर आणि सक्तीचा पीएफ वजा होतो, आपणहून केलेली बचत सहसा नाही. म्हणजे खरा निव्वळ पगार १,४३,००० धरा. चौथा हिस्सा पावणेछत्तीस हजारांवर जातो, आणि वार्षिक बोनस यात अजून आलेलाच नाही. प्रकरण लढवलं असतं तर रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं असतं. संमतीच्या घाईत लोक ते सोडून देतात. तुम्ही तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, फॉर्म १६ (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट मागा. मागण्यात कसला संकोच?

टॅक्सचं म्हणाल तर ऐकलंय ते बरोबर आहे : एकरकमी पोटगी भांडवली रक्कम समजतात, दरमहाची उत्पन्नात धरतात. पण तुमचा पगार आणि पोटगी मिळून वर्षाला सव्वासहा लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य होतो. त्यामुळे टॅक्सवरून निर्णय घेऊ नका.

महागाईवरून घ्या. ३०,००० कायम तेवढेच राहिले, तर ६ टक्के महागाईने मुलगी बावीसची होईल तेव्हा त्यांत आजच्या १५,००० एवढंच येईल. कॉलेजची फी नेमकी त्याच वर्षांत. दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ सर्वोच्च न्यायालयानेच २०२५ मध्ये एका प्रकरणात दिलीय, ती मागा.

माझं मत असं. स्वतःची पोटगी एकरकमी घ्या. अकरा महिन्यांत चार वेळा पैसे उशिरा आले, असं तुम्हीच लिहिलंय. घटस्फोटानंतर हे सुधारेल यावर मी तुमचं घर चालवणार नाही. शिवाय पुन्हा लग्न केलंत तर दरमहाची पोटगी बंद होऊ शकते. महिना २०,००० धरून साठीपर्यंतचा हिशेब ७ टक्के व्याजाने आज २७ लाखांच्या आसपास येतो. तेवढे मागा, थोडं खाली या. मुलीसाठी वेगळे दरमहा २०,०००, वाढीच्या अटीसह. तो हक्क तिचा आहे, तुम्ही सोडला म्हणून सुटत नाही. एवढी रोकड त्यांच्याकडे नसेल, तर फ्लॅट विकून वाटून घेणं सगळ्यात स्वच्छ.

आणि कर्ज. माझ्याकडे कळव्याच्या एक ताई आल्या होत्या. घटस्फोटाला तीन वर्षं झालेली, हक्कसोडपत्र झालेलं, आणि बँकेचा फोन : चार हप्ते थकलेत, सहकर्जदार तुम्ही. न्यायालयाचा हुकूम नवरा-बायकोत चालतो, बँकेशी केलेला करार त्याने मिटत नाही. त्यांचा क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीची पत) इतका पडला की मुलाचं शैक्षणिक कर्ज अडलं. त्या माझ्यासमोर बसून रडल्या, आणि माझ्याकडे उपाय नव्हता. म्हणून आधी बँकेने तुमचं नाव कर्जातून काढल्याचं पत्र, मगच हक्कसोडपत्र. इमारत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरची असेल तर हस्तांतराचं शुल्क कोण भरणार, तेही लिहून घ्या.

संमतीच्या घटस्फोटात न्यायालयात दोनदा अर्ज होतो, म्हणून रक्कमही दोन टप्प्यांत ठेवा : निम्मी पहिल्या अर्जाच्या वेळी, निम्मी दुसऱ्या अर्जाच्या दिवशी न्यायालयातच, डिमांड ड्राफ्टने. पैसे आले की वर्षभर मुदत ठेवींत राहू द्या, दोन-तीन बँकांत विभागून. भावाला घरासाठी हवेत म्हणालात; त्याला यंदा नाही म्हणा. आधी ती सहा लाखांची पावती शोधा, आणि सापडली की मला कळवा.