तळ, मुक्काम की बिऱ्हाड?

भाषांतराचं काम करणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: "अमेरिकेतल्या शहरांनी बेघर माणसांबाबत केलेल्या नियमांवरचा मजकूर मी मराठीत आणते आहे. 'कॅम्पिंग' हा शब्द त्यात ओळीओळीला येतो. मी 'सार्वजनिक मालमत्तेवर तळ ठोकण्यास बंदी' असं लिहिलं होतं. संपादकांनी त्याचं 'अतिक्रमणास बंदी' केलं. 'शिबिर' मलाच पटत नाही. बरोबर शब्द कोणता?"

माझं उत्तर 'मुक्काम' असं आहे. पण नुसता शब्द सांगून भागणार नाही, कारण इथे शब्द निवडताना आपण नकळत एका बाजूचे वकील होतो.

'तळ ठोकणे' कुणाच्या बाबतीत म्हणतात ते आठवून बघा. फौजेने नदीकाठी तळ ठोकला. निवडणुकीआधी नेत्यांनी मतदारसंघात तळ ठोकला. पाहुणे आठ दिवस तळ ठोकून आहेत, हे तर आपण वैतागूनच म्हणतो. तिन्हीकडे माणूस आपल्या मर्जीने आला आहे, त्याच्यापाशी बळ आहे आणि तो सहजी हलणार नाही. ज्याला रात्री पाठ टेकायला दुसरी जागाच नाही, त्याला हे क्रियापद लावलं की तो हटून बसल्यासारखा वाटतो. नियमात तसं कुठेच म्हटलेलं नसतं. ते 'ठोकणे' आपण पदरचं घालतो.

इंग्रजी शब्दाचाही उगम मैदानातलाच. लॅटिन 'कॅम्पस' म्हणजे मोकळं मैदान, त्यावर सैन्य उतरे, तिथून हा शब्द सैन्याच्या तळाला लागला आणि पुढे सुट्टीतल्या तंबूपर्यंत पोचला. तिकडे त्यातलं सैन्य कधीच उठून गेलं. आपल्या 'तळ' आणि 'छावणी'मध्ये ते अजून आहे. 'शिबिर' हा संस्कृत शब्दही मूळचा लष्करीच, पण आज शिबिर म्हटलं की कुणीतरी ते भरवलेलं असतं, त्याला तारखा असतात, समारोप असतो. तुम्हाला तो पटला नाही हे योग्यच झालं. 'कॅम्पिंग' तसंच ठेवलं तर मराठी वाचकाला सहल दिसेल, शेकोटी दिसेल. तेही नको.

मग 'पाल' किंवा 'तंबू' वापरून बघावं, असं मनात येईल. त्याला नियमच आडवा येतो. ऑरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास या सुमारे ३८ हजार वस्तीच्या शहराचा नियम अलीकडे फार गाजला. त्यातली व्याख्या मराठीत साधारण अशी होईल: राहण्याची तात्पुरती जागा म्हणून जिथे अंथरूण, झोपण्याची पिशवी किंवा अंथरूण म्हणून वापरलेली कोणतीही वस्तू, अथवा स्टोव्ह किंवा जाळ ठेवला असेल ती जागा, मग तिथे तंबू, झोपडी किंवा इतर आडोसा असो वा नसो. म्हणजे तंबू लागतच नाही. बाकावर पसरलेली एक गोधडी पुरते.

याच्या उलट टोकाचं उदाहरण वॉशिंग्टनचं आहे आणि शब्दांत रमणाऱ्या कुणालाही ते विसरता येणार नाही. बेघरांच्या हालांकडे लक्ष वेधण्यासाठी निदर्शकांना व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये २० आणि जवळच्या नॅशनल मॉलवर ४० तंबू उभारायला परवानगी मिळाली. झोपायला मात्र मिळाली नाही. तंबू चालेल, त्यात जागं राहिलेलं चालेल, पण डोळा लागला की ते 'कॅम्पिंग'! १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही मनाई उचलून धरली. तेव्हा तुमच्या मजकुरात 'तंबू ठोकण्यास बंदी' असं लिहिलंत, तर एका शहरातला गोधडीवाला नियमातून सुटेल आणि दुसऱ्या शहरातला परवानगी असलेला तंबू नियमात अडकेल. खटका तंबूचा नाही, रात्र काढण्याचा आहे. आणि रात्र काढण्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, 'मुक्काम'.

हा शब्द अरबी 'मकाम'वरून आला. उभं राहण्याची, थांबण्याची जागा. मराठीत त्याला दोन अंगं आहेत. वाटसरूचा मुक्काम एका रात्रीचा असतो, उद्या तो पुढे जाणार असतो. दुसरीकडे पत्रावर आपण 'मु. पो.' लिहितो तेव्हा तोच मुक्काम माणसाचा कायमचा पत्ता होतो. ज्याला पत्ताच उरलेला नाही त्याच्या बाबतीत हा शब्द वापरताना मला दर वेळी थोडं थांबायला होतं. पण म्हणूनच तो इथे बसतो. त्यात हट्ट नाही, बळजोरी नाही, आणि दयेचा सूरही नाही. 'सार्वजनिक जागेत मुक्काम करण्यास मनाई' एवढं लिहिलं की नियम जेवढं म्हणतो तेवढंच मराठीत येतं.

ती व्याख्या पुन्हा एकदा वाचा. शहराने शोधून शोधून दोनच खुणा धरल्या आहेत: अंथरूण आणि जाळ. आपल्या भाषेत याच दोन वस्तूंचा संसार होतो. घर वेगळं झालं की आपण 'चूल वेगळी झाली' म्हणतो, ऐपत मोजायची तर अंथरूण पाहून पाय पसरतो. त्यामुळे 'राहण्याची तात्पुरती जागा' याला नेमका मराठी शब्द खरं तर 'बिऱ्हाड' आहे. बिऱ्हाड म्हणजे बांधलेलं घर नव्हे. जिथे चार भांडी आणि अंथरूण उतरवलं ते बिऱ्हाड. विंचवाचं तर पाठीवरच असतं. कथनाच्या ओघात, एखाद्या माणसाचं वर्णन करताना, 'त्याने पुलाखाली बिऱ्हाड केलं होतं' असं जरूर लिहा. नियमाच्या वाक्यात मात्र नको, कारण बिऱ्हाडात थोडीफार स्थिरता येते, बहुतेकदा कुटुंबही येतं, आणि गोधडी घेऊन पडलेल्या एकट्या माणसापाशी यातलं काहीच नसतं.

मी वकिली म्हटलं ते आता सांगते. ग्रँट्स पासच्या नियमाविरुद्धचा खटलाही सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निकाल २८ जून २०२४ रोजी शहराच्या बाजूने लागला, सहा विरुद्ध तीन मतांनी. वादाचं मूळ त्याच न्यायालयाच्या १९६२च्या 'रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया' या निकालात आहे. माणूस व्यसनी आहे, एवढ्याच कारणावरून त्याला शिक्षा करता येत नाही, असं तेव्हा ठरलं होतं. म्हणजे 'असणे' हा गुन्हा होऊ शकत नाही, 'करणे' होऊ शकतो. न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी बहुमताच्या निकालात म्हटलं की हा नियम कृतीवर आहे. ती बेघराने केली काय, सुट्टीवर आलेल्या भटक्याने केली काय किंवा निदर्शन करणाऱ्या विद्यार्थ्याने केली काय, सारखंच. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचं भिन्नमत असं की झोप ही शरीराची गरज आहे, तो गुन्हा नव्हे. ज्याला निवाराच नाही त्याने हा नियम पाळायचा, तर त्याला गाव सोडण्यावाचून गत्यंतर नाही.

आता क्रियापदं बघा. 'तळ ठोकला' हे पुरेपूर 'करणे' आहे. ते लिहिलं की वाचकाच्या मनात बहुमत आधीच जिंकलेलं असतं. 'रस्त्यावर पडून राहिला' हे जवळजवळ 'असणे'. त्याने पारडं भिन्नमताकडे झुकतं. स्वतः मला सोटोमायोर यांचं म्हणणं पटतं, पण भाषांतरात मी 'पडून राहणे' वापरणार नाही. नियम मराठीत आणताना त्याचं वजन आहे तेवढंच यायला हवं. मत द्यायचं असेल तर ते आपल्या नावाने, वेगळ्या वाक्यात द्यावं.

संपादकांचं 'अतिक्रमण' मात्र मला मान्य नाही. रोजच्या मराठीत अतिक्रमण म्हणजे दुसऱ्याची जागा बळकावणं, टपरी पुढे सरकवणं, भिंत वाढवणं. त्यातून ग्रँट्स पासच्या नियमांची पायरी-पायरीची रचना या शब्दाने पुसली जाते. खटल्याच्या वेळी पहिल्या उल्लंघनाला २९५ डॉलर दंड होता. तो थकला की ५३७ डॉलर ६० सेंट. वर्षभरात दोनदा पकडलं गेलं तर ३० दिवस शहराच्या बागेत यायला बंदी घालता येत असे. ती बंदी मोडून आत पाऊल टाकलं तर तो फौजदारी गुन्हा, ३० दिवसांपर्यंत कैद आणि १,२५० डॉलरपर्यंत दंड. कायद्याच्या मराठीत ज्याला अतिक्रमण म्हणता येईल ते या शेवटच्या पायरीवर येतं. पहिल्याच ओळीत तो शब्द खर्चलात, तर गोधडी पसरणाऱ्याला कैदेच्या पायरीवर नेऊन उभं केल्यासारखं होईल. आणि त्या शहरात पदपथावर झोपण्याविरुद्धचा नियम वेगळा होता. तिथे 'झोपणे' असंच लिहा, त्याला मुक्कामात मिसळू नका.

दोन किरकोळ गोष्टी. 'मालमत्ता' ऐवजी 'जागा' करा. 'सार्वजनिक मालमत्ता' म्हटलं की मराठी वाचकाला पुढे 'नुकसान' ऐकू येतं. आणि शहरांच्या या नियमांना 'अध्यादेश' म्हणू नका. आपल्याकडे अध्यादेश राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात. नगरपालिकेच्या नियमाला 'उपविधी' हा शब्द आहे. तो जड वाटला तर नुसतं 'नियम' लिहा.

'बेघर' शब्दाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक विनंती आहे. फारसी 'बे' आणि आपलं 'घर' यांचा हा जोड चांगला आहे, तो बदलू नका. 'निराश्रित'मध्ये दया येते आणि 'भिकारी' तर चूकच. फक्त जमेल तिथे 'बेघरांना हटवलं' याऐवजी 'बेघर माणसांना हटवलं' असं लिहा.