सेंट्रल एसीच्या तांब्याच्या पाइपांना ब्रेझिंग (काडी वितळवून सांधा जोडणं) करताना आतून नायट्रोजन सोडणं खरंच गरजेचं आहे का?

हो, आणि हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. तापलेल्या तांब्याला आत हवा मिळाली की काळी पापडी धरते. एसीचा गॅस फिरू लागला की ती सुटते आणि फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा धरणारी गाळणी) किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (गॅस बारीक तोंडातून सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) तोंडाशी अडकते. बाहेरून सांधा चकचकीत दिसतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

नायट्रोजन अगदी मंद ठेवा; दुसरं टोक उघडं हवं, तिथे हाताला जेमतेम झुळूक लागली पाहिजे. जोर जास्त झाला तर वितळलेली काडी सांध्यात ओढलीच जात नाही, बारीक छिद्रं राहतात. सर्व्हिस व्हॉल्व्हवर (बाहेरच्या युनिटला पाइप जोडतात तिथला व्हॉल्व्ह) ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर आतली सीलं जळतात. तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरसवाली काडी असेल तर फ्लक्स (सांधा स्वच्छ ठेवणारा लेप) लागत नाही.

मग नायट्रोजननेच दाब देऊन गळती तपासा. मर्यादा युनिटच्या प्लेटवर असते. ऑक्सिजन चुकूनही भरू नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. शेवटी व्हॅक्यूम 500 मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचं माप; जितकं कमी तितकं चांगलं) खाली न्या आणि व्हॉल्व्ह बंद करून पंप वेगळा करा, मग मायक्रॉन गेज बघत बसा. आकडा चढतच राहिला तर गळती, थोडा चढून थांबला तर आत ओल आहे. जाड पाइपचं, म्हणजे थंड गॅस परत नेणाऱ्या सक्शन पाइपचं, इन्सुलेशन सांध्यांवरही अखंड ठेवा, नाहीतर तिथूनच पाणी ठिबकतं.