गॅलरी, गाणी आणि कलमं : वाचकांचे प्रश्न

स्कॉटलंडमधल्या फुटबॉल समर्थकांनी सहा वर्षं भांडून एक अख्खा कायदा रद्द करून घेतला, असा उल्लेख मागच्या अंकात ओघात आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं आणि त्यांची उत्तरं.

हुल्लडबाजांना आवर घालणारा कायदा असेल तर त्याला विरोध कशाला? तो रद्द झाला म्हणजे दंगेखोरच जिंकले, असं नाही का?
— एक वाचक, पुणे

मारामारी, दगडफेक, धमकी हे सगळं त्या कायद्याआधीही गुन्हाच होतं आणि तो गेल्यावरही आहे. वाद दुसऱ्याच गोष्टीचा होता: गॅलरीतलं गाणं किंवा घोषणा नुसती आक्षेपार्ह वाटली म्हणून तो गुन्हा ठरवायचा का?

मार्च २०११ मध्ये सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन कट्टर वैरी संघांत चषकाचा सामना झाला, त्यात मैदानाच्या कडेलाच बाचाबाची झाली. त्याच सुमारास सेल्टिकचे प्रशिक्षक नील लेनन यांना पार्सल बॉम्ब पाठवल्याचं उघड झालं. मे महिन्यात बहुमतानं निवडून आलेल्या सरकारनं उन्हाळ्याच्या आतच कायदा उरकायचं ठरवलं होतं. ओरड झाल्यावर वर्षअखेरपर्यंत थांबले. १४ डिसेंबर २०११ रोजी ६४ विरुद्ध ५७ मतांनी विधेयक मंजूर झालं आणि १ मार्च २०१२ पासून ‘ऑफेन्सिव्ह बिहेव्हिअर ॲट फुटबॉल’, म्हणजे फुटबॉलमधल्या आक्षेपार्ह वर्तनाचा, हा कायदा लागू झाला.

मेख पहिल्या कलमात होती. द्वेष पसरवणं, धमकावणं यांच्या यादीच्या शेवटी एक पोतडी ठेवलेली होती: समंजस माणसाला आक्षेपार्ह वाटेल असं ‘इतर कोणतंही वर्तन’. त्यातून सार्वजनिक शांतता बिघडण्याची शक्यता असली पाहिजे, अशी अट होती खरी. पण पुढच्याच उपकलमानं त्या अटीतली हवा काढून घेतली. पोलीस बंदोबस्तामुळे गडबड झाली नाही, किंवा चिडू शकणारी माणसं तिथे नव्हतीच, तरी गुन्हा धरायचा. म्हणजे गॅलरीत सगळे एकाच संघाचे, गाणं ऐकून भडकणारा मैलभर कुणी नाही, तरी खटला उभा राहू शकतो. दुसऱ्या कलमानं ‘सामना’ या शब्दात मैदानाकडे जाण्यायेण्याचा रस्ता घेतला, आणि घर सोडून जिथे जिथे टीव्हीवर सामना दाखवतात ती ठिकाणंही घेतली. पबमध्ये बसलेला माणूससुद्धा कक्षेत आला. कमाल शिक्षा पाच वर्षं कैद.

आता जुना कायदा शेजारी ठेवून बघा. २०१० च्या फौजदारी कायद्याच्या ३८ व्या कलमात धमकीचं किंवा शिवीगाळीचं वर्तन हा गुन्हा आहे, कमाल शिक्षा तिथेही पाचच वर्षं. कसोटी मात्र अशी की समंजस माणसाला भीती वाटेल किंवा तो धास्तावेल असं ते वर्तन हवं. भीती वाटणं आणि आक्षेपार्ह वाटणं यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. संबंधित मंत्री रोझॅना कनिंगहॅम यांनी समितीपुढे सांगितलं होतं की, काही परिस्थितीत छातीवर क्रूसाची खूण करणं किंवा राष्ट्रगीत म्हणणंही यात बसू शकेल. विरोधकांना याहून वेगळा पुरावा शोधायची गरज उरली नाही.

पुराव्याचीही गंमत होती. स्कॉटलंडमध्ये शिक्षेसाठी दोन स्वतंत्र स्रोतांचा पुरावा लागतो. ऐकायला बरं वाटतं, पण शेजारी शेजारी उभे असलेले दोन पोलीस हे दोन स्रोत होऊ शकतात. हजारो आवाजांत अमक्याच माणसानं अमकीच ओळ म्हटली, हे त्या दोघांनी सांगायचं. डंडीच्या न्यायालयात २०१३ मध्ये शेरिफ रिचर्ड डेव्हिडसन यांनी या कायद्याला ‘मिन्स’ म्हटलं. तिकडे शेरिफ म्हणजे न्यायाधीश, आणि मिन्स म्हणजे आपला खिमा. बोलीभाषेत अर्थ ‘निव्वळ बकवास’.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. धार्मिक आणि वांशिक द्वेष सोसणाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या काही संस्थांना हा कायदा हवा होता, आणि त्यांची काळजी खोटी नव्हती. पण गुन्ह्यामागे धार्मिक द्वेष असेल तर शिक्षा वाढवण्याची तरतूद २००३ पासूनच होती. फुटबॉलच्या प्रेक्षकासाठी वेगळं, सैल मापाचं कलम का, या प्रश्नाचं पटण्याजोगं उत्तर सरकारला शेवटपर्यंत देता आलं नाही.

मोर्चे काढून कायदा रद्द होतो का? नेमकं काय केलं त्यांनी?
— एक वाचक, ठाणे

मोर्चानं तर पहिल्यांदा मारच खाल्ला. १६ मार्च २०१३ रोजी ग्लासगोच्या गॅलोगेट भागातून ‘ग्रीन ब्रिगेड’ या सेल्टिकच्या कडव्या समर्थक-गटाचे लोक चालत निघाले. पोलिसांनी त्यांना रस्त्यातच कडं करून कोंडलं. याला तिकडे ‘केटलिंग’ म्हणतात: चारी बाजूंनी पोलिसांची भिंत उभी करायची आणि बाहेर कधी सोडायचं ते त्यांनीच ठरवायचं. अटकाही झाल्या. पोलिसांचं म्हणणं, मिरवणुकीची पूर्वसूचना नव्हती. १९८२ च्या कायद्यानुसार स्कॉटलंडमध्ये मिरवणुकीची लेखी सूचना नगरपालिकेला आणि पोलीसप्रमुखांना २८ दिवस आधी द्यावी लागते. ती नसली की शांतपणे चालणाराही आयताच सापडतो. पुढची सभा त्यांनी एप्रिलमध्ये जॉर्ज स्क्वेअरवर घेतली. एका जागी उभं राहून सभा घेतली तर मिरवणुकीचं कलम लागत नाही. यात आंदोलन करणाऱ्या कुणालाही शिकण्यासारखं आहे.

कायदा पाडला तो मात्र कागदांनी. ‘फॅन्स अगेन्स्ट क्रिमिनलायझेशन’ ही समर्थकांची आघाडी २०११ मध्येच उभी राहिली होती. कुणाला पहाटे घरातून उचललं, जामिनाच्या अटींत सामन्याला जायला बंदी कशी घातली, खटला किती महिने लोंबकळला आणि शेवटी निर्दोष सुटेपर्यंत अर्धा मोसम कसा गेला, अशी एकेकाची कैफियत गोळा करून ती संसदेच्या समितीपुढे मांडली. पोलिसांनी फुटबॉलसाठी स्वतंत्र पथक उभारलं होतं आणि हातात कॅमेरे घेऊन ते समर्थकांचं चित्रण करत. त्याचीही नोंद झाली. कायद्याच्या पहिल्या वर्षात पहिल्या कलमाखाली २६८ आरोप दाखल झाले होते, त्यामुळे सांगणाऱ्यांची वानवा नव्हती. शिवाय हा नुसता सेल्टिकचा रडगाणं-कार्यक्रम राहिला नाही; कट्टर वैरी रेंजर्सच्या समर्थकांचाही या कायद्याला विरोध होता.

बाकीचं गणित संसदेतलं. मे २०१६ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाच्या १२९ पैकी ६३ जागा आल्या, बहुमत गेलं. त्याच नोव्हेंबरात कायदा रद्द करावा असा ठराव ६४ विरुद्ध ६३ असा एका मतानं संमत झाला. तो सरकारवर बंधनकारक नव्हता. मग मजूर पक्षाचे जेम्स केली यांनी खासगी विधेयक आणलं आणि १५ मार्च २०१८ रोजी ते ६२ विरुद्ध ६० मतांनी निभावलं. एप्रिलमध्ये कायदा पुस्तकातून गेला. दोन मतांच्या फरकानं, हे विसरू नका. २०१६ मध्ये बहुमत टिकलं असतं तर सगळे कागद कपाटातच राहिले असते.

पुतण्या शिकायला ग्लासगोला निघालाय आणि सेल्टिकचा वेडा आहे. सामन्याला जाताना त्यानं काय सांभाळावं?
— एक वाचक, सांगली

तो कायदा गेला, बाकीचे आहेत.

दारू: १९८० च्या चषक अंतिम सामन्यानंतर हॅम्पडनच्या मैदानावर दंगल झाली, तेव्हापासून सामान्य प्रेक्षकाला गॅलरीत दारू मिळत नाही. बाटली किंवा कॅन घेऊन आत जाणं, झिंगून प्रवेशद्वाराशी येणं, आणि समर्थकांच्या बसमध्ये पिणं, हे तिन्ही गुन्हे. बसचं नवीन मुलांना माहीत नसतं आणि तिथेच ती अडकतात. इंग्लंडमध्ये गेला तर नियम निराळा: स्टेडियममध्ये विक्री होते, पण मैदान दिसेल अशा जागी पिता येत नाही.

धूर आणि फ्लेअर (हातात धरायची जळती नळी): आपल्याकडे फटाका खिशात असणं ही गंमत, तिकडे जून २०२३ पासून सामन्याच्या ठिकाणी किंवा तिकडे जाताना असलं काही नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, पेटवलं नाही तरी. मित्रानं ‘जरा धर’ म्हणून दिलेली पिशवी धरू नये. फ्लेअरचं टोक हजार अंशांच्या वर तापतं, पाण्यानंही ते सहजी विझत नाही. दाटीवाटीच्या गॅलरीत पायाशी पडलं तर मागे सरकायलाही जागा नसते.

झडती: दारावरचा स्टुअर्ड, म्हणजे स्टेडियमचा व्यवस्था बघणारा कर्मचारी, पोलीस नव्हे, खासगी माणूस आहे. झडती नाकारली तर तो प्रवेश नाकारू शकतो, जबरदस्ती करू शकत नाही. पोलिसांना वाजवी संशयाचं कारण लागतं. नुसतं ‘तुझी हरकत नाही ना?’ असं विचारून झडती घेण्याची पद्धत मे २०१७ मध्ये बंद झाली. कारण आणि कायद्याचं नाव विचारावं, आवाज न चढवता. खांद्यावरचा क्रमांक लक्षात ठेवावा.

अटक झालीच तर नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थान आणि राष्ट्रीयत्व एवढ्या पाच गोष्टी सांगणं बंधनकारक आहे. त्यापुढचं वकील आल्यावर. चौकशीआधी वकिलाशी बोलण्याचा हक्क आहे, आणि आरोप न ठेवता साधारण १२ तासांपर्यंत ठेवता येतं; ती मुदत वाढू शकते. भारतीय मुलं इथे हमखास एक चूक करतात: ‘समजावून सांगितलं तर सोडतील’ म्हणून सगळं बोलून टाकतात. शिक्षेसाठी लागणाऱ्या दोन पुराव्यांपैकी तो जबाबच दुसरा स्रोत ठरू शकतो. ‘छोटा दंड आहे, भरून टाक’ असं कुणी म्हटलं तरी आधी वकिलाला विचारावं, कारण पुढच्या व्हिसा अर्जात शिक्षा आणि दंड यांची माहिती विचारतात. न्यायालय सामन्याला जायची बंदीही घालू शकतं, ती कमाल दहा वर्षांपर्यंत जाते.

स्टेडियममध्ये गप्प बसूनही निषेध करतात म्हणे?
— एक वाचक, नागपूर

जर्मनीत २०१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात केला. लीगनं सुरक्षेचा नवा आराखडा आणला होता, त्यात प्रवेशद्वारावर कडक अंगझडतीची सोय होती, आणि क्लबांचं मतदान १२ डिसेंबरला, म्हणजे १२-१२ ला होतं. म्हणून प्रत्येक सामन्यात पहिली १२ मिनिटं १२ सेकंद आवाज बंद. अवघड भाग म्हणजे हजारो लोकांना गप्प ठेवणं. सूत्रधार मेगाफोन खाली ठेवतो, ढोल झाकून ठेवतात, झेंडे गुंडाळलेले. वेळ संपली की एकदम भडका. टीव्हीवर शिट्टी आणि चेंडूचा ठोकाच काय तो ऐकू येत होता, आणि प्रक्षेपण विकणाऱ्यांना बोचलं ते हेच. आराखडा मात्र तरीही मंजूर झाला.

आमच्याकडे पेठांच्या संघांत सामना तापला की नंतर पोलीस सरसकट पोरं उचलतात. भांडणात नसलेल्यानं काय करावं?
— एक वाचक, कोल्हापूर

तुमच्याकडे तालमीच्या नावानं संघ उतरतात, म्हणजे हरणं थेट गल्लीत घरी येतं. फुटबॉल प्रेक्षकांसाठी वेगळा कायदा इथे नाही. सर्वसाधारण कलमंच लागतात, आणि ती जास्त रुंद आहेत. पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदा जमाव (भारतीय न्याय संहिता, कलम १८९) ठरला की समान उद्देशानं झालेल्या कृत्याला जमावातला प्रत्येक जण जबाबदार धरला जातो (कलम १९०). हात न उचलणाराही. म्हणून ढकलाढकली सुरू झाल्यावर बघत, व्हिडिओ काढत थांबणं ही सर्वांत महाग चूक आहे. तिथून निघायचं, आणि शक्य तर दुकानाच्या कॅमेऱ्यासमोरून.

उचललंच तर पहिला प्रश्न: ‘ताब्यात घेतलंय की अटक केलीय?’ महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ६८ आणि ६९ कलमांखाली पोलीस लोकांना तात्पुरतं हटवतात, अडवून ठेवतात. ती अटक नव्हे. अटक असेल तर नागरिक सुरक्षा संहितेनुसार अधिकाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे, साक्षीदाराच्या सहीचा अटक मेमो झाला पाहिजे, कारण सांगितलं पाहिजे, घरी कळवलं पाहिजे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं पाहिजे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेऐवजी नोटीस देण्याची तरतूद ३५ व्या कलमात आहे, तिची आठवण वकिलानं करून द्यावी.

लाठी लागली असेल तर त्याच रात्री सरकारी दवाखान्यात जाऊन मेडिको-लीगल केसचा कागद, म्हणजे जखमेची कायदेशीर नोंद, करून घ्या. वळ दोन दिवसांत फिका पडतो आणि मग ‘सामन्यात पडला असेल’ हे उत्तर मिळतं. पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण १८ महिने जपावं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. तारीख, वेळ आणि कुठल्या खोलीतलं हवं ते लिहून अर्ज लगेच द्या आणि पोचवर शिक्का घ्या. जमावबंदी होती असं म्हटलं तर आदेशाची प्रत मागा: कोणत्या हद्दीत, किती वाजल्यापासून. १८ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्यात आर. जी. कर प्रकरणाच्या निषेधासाठी ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मेडन यांचे समर्थक रद्द झालेल्या सामन्याच्या स्टेडियमबाहेर एकत्र आले, तेव्हा परिसरात असाच आदेश होता आणि लाठीमार झाला.

तालमीच्या कार्यालयात एक साधी वही ठेवा. नाव, वेळ, जागा, कुठल्या अधिकाऱ्यानं नेलं, कुठे नेलं, कधी सोडलं, सोबत कोण होतं. दोन्ही संघांच्या वह्या जुळल्या तर वकिलाचं निम्मं काम झालं.