दही का लागले नाही

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय डॉक्टर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी हाती आल्यावर दिल्लीतल्या प्रकल्पात जावे की आपल्याच जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू व्हावे, असे तू विचारले आहेस. आणि प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिक औषधांना, न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध काम करायचे तर कोणत्या पदापर्यंत पोहोचले पाहिजे, हा त्याच्याच पोटातला दुसरा प्रश्न आहे. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

या कामातली मूळ अडचण अशी की यात दगावलेला माणूस कागदावर दिसत नाही. लघवीच्या मार्गातल्या संसर्गाने दाखल झालेली बाई तीन औषधे बदलूनही वाचत नाही, तेव्हा दाखल्यावर ‘सेप्टिसीमिया’, म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग, असे लिहिले जाते. औषध लागू पडले नाही म्हणून गेली, असे कोणी लिहीत नाही. प्लेगला नाव होते, पटकीला नाव होते, म्हणून त्यांच्याविरुद्ध यंत्रणा उभी राहिली. याला नाव नाही. ‘द लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अंदाज बांधला, की २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट जिवाणूंच्या या प्रतिरोधामुळे झाले आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्याचा काही ना काही संबंध होता. म्हणजे ही मोजदाद व्हायलाही पेनिसिलिनच्या शोधानंतर नव्वद वर्षे लागली.

डेम सॅली डेव्हिस यांचे नाव तू पत्रात घेतले आहेस, म्हणून सांगतो. त्या मूळच्या रक्तविकारतज्ज्ञ; सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार त्यांचा विषय, जंतुशास्त्र नव्हे. २०११ साली त्या इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. मार्च २०१३ मध्ये त्यांनी आपला वार्षिक अहवाल संसर्ग आणि औषधप्रतिरोध या विषयावर काढला आणि पूर, दहशतवाद अशा संकटांची नोंद ज्या राष्ट्रीय यादीत होते, तिच्यात हाही धोका घालावा, अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने या प्रश्नाचा आढावा घेण्याचे काम जिम ओनील या अर्थतज्ज्ञाकडे दिले. काहीच केले नाही तर २०५० पर्यंत वर्षाला एक कोटी मृत्यू, हा त्या आढाव्यातला आकडा मला अजूनही ढोबळ वाटतो आणि अनेक जाणकारांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत. परंतु तो आल्यावर अर्थखात्याची माणसे या विषयाला बसू लागली, हेही खरे. डॉक्टरांना जंतू दाखवायचा, गृहखात्याला धोका आणि अर्थमंत्र्याला खर्च, हे डेव्हिस यांना साधले. पदामुळे दार उघडले असेल, पण आत बसलेल्या माणसाला कळेल अशी भाषा पदाबरोबर मिळत नाही.

ती मला कुठे मिळाली, ते सांगतो. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत मी शेतकऱ्यांपुढे या विषयावर बोलायला गेलो होतो. तासभर बोललो, फळ्यावर जंतूंची चित्रे काढली. लोक आदराने ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. शेवटी मागच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी विचारले, “सायब, म्हशीला दगडी झाली, कासंत ट्यूब सोडली, तवापास्नं दही का लागंना?” मी थांबलो. दगडी म्हणजे कासेचा दाह. कासेत सोडलेले प्रतिजैविक दुधात उतरते आणि विरजणातले जिवाणू त्याने मरतात किंवा वाढत नाहीत, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण मी जे तासभर सांगू पाहत होतो, ते त्यांच्या चुलीशेजारच्या गाडग्यात आधीच घडून गेले होते. त्यानंतरचा अर्धा तास संस्थेचा सचिवच बोलत होता: औषध दिल्यावर लेबलावर सांगितलेल्या मुदतीपर्यंतचे दूध संकलनात घालायचे नाही, तर ते दिवस कुणाच्या खिशातून भरून काढायचे? प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसानंतर मी उत्तर नसलेल्या सभांनाही जाऊ लागलो. (पशुखाद्यात आणि जनावरांच्या उपचारात कोलिस्टिन वापरण्यावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली, ते योग्यच झाले, माणसासाठी अगदी शेवटी राखून ठेवायचे औषध कोंबड्या पोसण्यासाठी वापरले जात होते.)

औषध दुकानदारांबद्दल तू रागाने लिहिले आहेस. राग समजतो. मार्च २०१४ पासून औषध नियमांतले एच-वन परिशिष्ट, म्हणजे कडक नोंद ठेवूनच विकायच्या औषधांची यादी, लागू आहे. त्यातले औषध देताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि मात्रा यांची नोंद वेगळ्या वहीत करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. तरीही चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळतात. परंतु दोन गोळ्या सुट्या मागणारा माणूस दुकानात का उभा असतो, हे आधी बघ. त्याचा दिवसाचा रोज बुडालेला असतो आणि डॉक्टरची फी त्या दोन गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते.

आणि दोष आपल्याकडेही आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पश्चिमेकडच्या डोंगरी भागातल्या एका आरोग्य केंद्रात मी पावसाळाभर प्रत्येक तापाला सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिहीत असे. औषध नवे होते, विषमज्वरावर झटकन लागू पडायचे आणि माझे नावही होत होते. आज आपल्या देशात विषमज्वरावर त्या औषधाचा भरवसा धरता येत नाही. माझ्या एकट्याच्या चिठ्ठ्यांनी हे झाले नाही, हे मला कळते. पण त्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. पहिली मात्रा देण्याआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, रक्त काढून ठेवायचे, एवढी सवय मला लागायला पुढे दहा वर्षे गेली.

तेव्हा माझे मत असे, की निदान तीन वर्षे जिल्ह्यातच राहा. दिल्लीचा प्रकल्प चांगला असेल, पण त्याला लागणारा आकडा शेवटी इथल्याच एखाद्या प्रयोगशाळेतून जायचा असतो, आणि तो कसा तयार होतो, कुठे गळतो, नमुना उशिरा पोहोचल्यावर काय होते, हे न पाहता त्यावर धोरण लिहिणाऱ्यांची संख्या आधीच पुरेशी आहे. रुजू झालीस की पहिली ओळख प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांशी कर, दुसरी संसर्ग-नियंत्रण पाहणाऱ्या परिचारिकेशी, आणि तिसरी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याशी. वरिष्ठांच्या भेटी आपोआप होतील.

पुढच्या रविवारी सकाळी घरी ये. येताना तुझ्या रुग्णालयातल्या गेल्या सहा महिन्यांच्या लघवी-कल्चरच्या अहवालांतून रुग्णांची नावे वगळून नुसती यादी करून आण: कोणता जंतू, कोणत्या औषधाला दाद दिली, कोणत्याला नाही. यादी अपुरी असली तरी चालेल. माझ्याकडे जुन्या वह्या आहेत. दोन्ही शेजारी ठेवून बघू.

तुझा हितचिंतक