पाच वर्षं झाली की मूल बापाचं?

"पाच वर्षं पूर्ण झाली की मुलगा बापाचा, असं खरंच असतं का हो?"

हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा येतो की आता तो दारातल्या चेहऱ्यावरूनच ओळखू येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते, कधी आईची आई. क्वचित बापच विचारतो, पण उलट बाजूने: "पाच झाली की मिळतो ना?" प्रश्न तोच, फक्त एकाला त्याची धास्ती असते आणि दुसऱ्याला आशा.

पुढची हकीकत तीन घरांतल्या गोष्टी एकत्र करून सांगते आहे. नावं आणि गाव मुद्दाम देत नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मुलगा चार वर्षं नऊ महिन्यांचा होता. तिने पर्समधून कालनिर्णयचं एक पान काढलं. भिंतीवरून फाडून, चार घड्या घालून आणलेलं. एका तारखेभोवती लाल पेनाने गोल केला होता.

"अकरा आठवडे उरलेत, मॅडम."

"कशाला?"

"त्याच्या वाढदिवसाला."

मुलाला शिशुवर्गात पाठवणं तिने बंद केलं होतं, कारण शाळेच्या फाटकातून त्याला परस्पर उचलून नेतील अशी भीती. नवऱ्याचे फोन घेत नव्हती. चार महिन्यांत बापलेकाची भेट नव्हती. नोकरी अर्धवेळ, राहायला माहेरी, भावाच्या संसारात.

"पाच वर्षांचं कुणी सांगितलं? वकिलांनी?"

"वकील कुठे केलाय अजून. मावशी म्हणाली. शेजारच्या काकू म्हणाल्या. मोबाईलवर पण तसंच सांगतात."

मावशी अगदीच खोटं बोलत नव्हती. तिने अर्धं वाक्य सांगितलं होतं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 चा. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना तो लागू होतो. त्याच्या कलम 6 मध्ये असं आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. बस, एवढंच. पाचव्या वाढदिवसाला ताबा बापाकडे जातो असं त्या कलमात किंवा दुसऱ्या कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. पाचपर्यंत आईच्या बाजूने झुकतं माप असतं. पाचनंतर ते माप सरळ होतं, उलटं होत नाही. आणि त्या सगळ्यावर त्याच कायद्याचं कलम 13 आहे: मुलाचं हित सर्वांत वर, बाकी सगळं त्याखाली.

"सामान्यतः" या शब्दाचं वजन किती, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रोक्सान शर्मा प्रकरणात सांगितलं. ते प्रकरण गोव्यातलं. मूल अगदी लहान होतं आणि उच्च न्यायालयाने ताबा बापाकडे दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि म्हटलं, पाचच्या आतलं मूल आईकडे राहू नये असं ज्याचं म्हणणं आहे, ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. आईने आपली लायकी सिद्ध करत बसायचं नाही.

हे सांगितल्यावर ती काही बोलली नाही. मग दुसरा प्रश्न आला, तोही नेहमीचाच: "पण पगार त्याचा जास्त आहे. फ्लॅट त्याचा आहे."

पगारावरून ताबा ठरत असता तर कोर्टाला सुनावणीची गरजच नव्हती, पगारपत्रक बघून काम झालं असतं. मूल आईकडे राहिलं तरी त्याच्या खर्चाची बापाची जबाबदारी सुटत नाही. कोर्ट बघतं ते वेगळं असतं: मूल आत्ता कुठे रुळलं आहे, शाळा कोणती, आजारपणात रात्री कोण जागतं, आणि दुसऱ्या पालकाशी त्याचं नातं टिकू द्यायची कुणाची तयारी आहे. या शेवटच्या मुद्द्याशी ती अडखळली. चार महिने दार लावून बसल्याचं उत्तर तिलाच द्यावं लागणार होतं. शाळा बंद करणंही तिच्याच विरोधात जाणार होतं. पुढच्या सोमवारपासून मुलगा शाळेत जायला लागला. मुलाला घेऊन कोण जाऊ शकतं, त्यांची नावं तिने मुख्याध्यापकांना लेखी दिली. भीतीवर एवढा उपाय पुरला.

तिसऱ्या भेटीला तो आला. ती येऊन बसायच्या आधी, एकटाच. फाईल मांडीवर.

"चार महिने तुम्ही मुलाला भेटला नाहीत?"

"ती फोन घेत नाही."

"शाळेत? तिच्या वडिलांमार्फत? वकिलामार्फत पत्र?"

बराच वेळ गेला. "काका म्हणाले, आत्ता मागे लागू नकोस. पाच झाली की ऑर्डर मिळतेच. तोवर भेटायला गेलास तर मूल तिच्याकडे आहे हे तू मान्य केलंस असं होईल."

त्याचीही तारीख तीच होती, लाल गोलातली. एकाच ऐकीव वाक्यापायी तिने दाराला आतून कडी लावली होती आणि हा बाहेर पायरीवर वाट बघत बसला होता. आणि त्या मुलाच्या हिशेबी चार महिने म्हणजे किती, हे दोघांपैकी कुणीच मोजलं नव्हतं. काकांच्या सल्ल्याचा कायद्याच्या बाजूनेही उलटाच परिणाम झाला असता. न भेटलेला बाप कोर्टात बळकट ठरत नाही, "इतके दिवस कुठे होतात?" हा पहिला प्रश्न त्यालाच येतो.

माझा कल सरळ सांगते. मी आधी मुलाचा दिवस बघते, आईबापांचं भांडण नंतर. म्हणून अशा जोडप्यांना एक काम देते: दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून मुलाचे चोवीस तास लिहायचे. उठण्यापासून झोपेपर्यंत, माहीत असेल तेवढं. हा कागद कोर्टात जाणार नाही हे आधीच सांगावं लागतं. दोघांनीही तेच पहिल्यांदा विचारलं.

तिने साडेतीन पानं लिहिली. डब्यात पोळीचा रोल, भेंडी चालते पण चिरून, कुर्मा नको. धूळ झाली की खोकला, पंप निळा. त्याचा कागद सात ओळींचा होता. दुधात काय घालतात याच्यापुढे प्रश्नचिन्ह. शाळा सुटायची वेळ चुकलेली. शेवटची ओळ होती: "झोपताना माझ्या कानाची पाळी धरतो. डावीच."

कागद अदलाबदल केले. तिने त्याचा कागद पटकन वाचला, जरा जिंकल्यासारखाच. मग शेवटच्या ओळीवर थांबली. पुन्हा वाचली.

"हल्ली उशीचं टोक धरून झोपतो," ती म्हणाली. "मला वाटलं, ती सवय सुटली."

खोलीत पंख्याचा आवाज होता तेवढाच. तो खाली बघत होता. ती ज्याला सुटलेली सवय समजत होती, ती सुटली नव्हती, मुलाने तिची सोय लावून घेतली होती. मोठ्यांनी चार महिन्यांत एकही तोडगा काढला नव्हता आणि पावणेपाच वर्षांच्या पोराने उशीच्या टोकाचा काढला. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं हे निम्मं काम असतं आणि ते शिकायला सगळ्यात जास्त वर्षं लागतात.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "रविवारी सकाळी चालेल?"

इथून पुढचं काम बिनरंगाचं, पण केस टिकते ती त्यावरच. समजुतीच्या कागदात लोक लिहितात: "वडिलांना मुलास भेटण्याची वाजवी मुभा राहील." या एका वाक्याने जितकी भांडणं पुन्हा कोर्टात आणली तितकी सासवांनीही आणली नसतील. वाजवी म्हणजे किती? कुठे? सोडायला कोण येणार? म्हणून आम्ही तासातासाने लिहिलं.

पहिले चार रविवार सकाळी 10 ते 1, बागेत. सासरीही नाही, माहेरीही नाही. त्यानंतर एकाआड एक शनिवार 10 ते 6, वडिलांच्या घरी. तीन महिने हे सुरळीत गेलं की एक रात्र मुक्काम. मुक्काम आधी ठेवला असता तर पहिल्याच रात्री मूल रडलं असतं, दोन वाजता फोन गेला असता आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही वकील कामाला लागले असते. बुधवारी आणि शुक्रवारी साडेसातला दहा मिनिटं व्हिडिओ कॉल, आणि त्या वेळी शेजारी बसून उत्तरं सुचवायची नाहीत. अर्ध्या तासापेक्षा उशीर झाला तर ती भेट रद्द, बदल्यात पुढचा रविवार. ताप असेल तर सकाळी आठच्या आत निरोप आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, पहिला अर्धा भाग दरवर्षी आलटून पालटून. गणपती वडिलांच्या घरी दीड दिवसाचा, म्हणून ते दीड दिवस कायम तिकडे. यावर वाद झालाच नाही.

पैशांचं कलम वेगळ्या पानावर घेतलं. "पैसे दिले नाहीत म्हणून भेट नाही" आणि "भेट नाही म्हणून पैसे नाहीत" ही दोन्ही वाक्यं कोर्टाला सारखीच खटकतात.

अर्ज कुठे करायचा, यात फार लोक चुकतात. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्याच कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली. त्याच कलमात मुलाच्या पोटगीचा आणि शिक्षणाचा अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या सोयीचा, अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असंही आहे. वकिलांना त्याची आठवण करून द्यायला हरकत नाही. दावा नसेल तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली, आणि तो मूल जिथे सामान्यपणे राहतं तिथल्या कोर्टात. बापाला सोयीच्या गावी नाही, आईलाही नाही. मुलाला पंधरा दिवस दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन ठेवलं म्हणून तिथलं कोर्ट आपलं होत नाही. घरगुती हिंसाचाराची तक्रार असेल तर 2005 च्या कायद्याच्या कलम 21 खाली तात्पुरता ताबा मागता येतो. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांनाही 1890 च्या कायद्याचा रस्ता खुला आहे. ताब्याबद्दलचे त्यांचे वैयक्तिक कायदे वेगळे, तरी कोर्ट शेवटी मुलाच्या हितावरच येतं.

मूल उचलून नेलं तर? पोलिसात गेल्यावर बऱ्याचदा "घरगुती बाब आहे, कोर्टात जा" हे ऐकायला मिळतं. त्याचं कारणही आहे. कोर्टाचा मनाई करणारा आदेश नसेल तर जन्मदात्या बापावर अपहरणाचा गुन्हा लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 मध्ये म्हटलं. म्हणून भीती खरी असेल तर पोलिसांच्या आधी अंतरिम अर्ज. अगदी लहान मूल नेलं असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करायला लावणारा अर्ज.

ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तिला नवीन होतं. मूल आईकडे राहतं, पण कागदोपत्री नैसर्गिक पालक आधी बाप, "त्यानंतर" आई, अशी कायद्याची भाषा आहे. गीता हरिहरन प्रकरणात 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या "त्यानंतर"चा अर्थ बापाच्या हयातीनंतर असा न घेता त्याच्या अनुपस्थितीत असा घेतला, आणि मुलाकडे लक्षच न देणारा बापही त्यात आला. पासपोर्टसाठी दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल तर अ‍ॅनेक्शर सी नावाचं घोषणापत्र भरून एकट्या पालकाला अर्ज करता येतो. मात्र कोर्टातला वाद त्यात लपवायचा नाही. मुलाच्या नावावर घर-जमीन असेल तर ती कोर्टाच्या परवानगीशिवाय आईनेही विकायची नाही आणि बापानेही.

आणि एक कळकळीचं. मुलाच्या तोंडून "मला बाबा नकोत" वदवून व्हिडिओ काढू नका. नऊ वर्षांचं मूल स्वतः ठरवतं, बारा वर्षांचं ठरवतं, असे आकडे लोक सांगतात. कायद्यात असा आकडा नाही. विचारपूर्वक पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर न्यायाधीश ती विचारात घेऊ शकतात, एवढंच 1890 च्या कायद्यात आहे. ते मुलाशी चेंबरमध्ये एकट्याने बोलतात आणि पाठ केलेलं वाक्य त्यांना दुसऱ्या मिनिटाला कळतं. मोबाईलमधल्या व्हिडिओपेक्षा लसीकरणाचं कार्ड, बालरोगतज्ज्ञांची फाईल, फीच्या पावत्या, पालकसभेच्या सह्या यांचं वजन जास्त.

मुलाचा वाढदिवस समजुतीच्या मसुद्यात शेवटून दुसऱ्या ओळीत आला: सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे, दुसऱ्याने संध्याकाळी एक तास. त्याखाली तिने हाताने वाढवलं: "मुक्कामाच्या वेळी निळा पंप आणि त्याची उशी पिशवीत असावी." त्याने वाचलं आणि "उशी" या शब्दाखाली पेनाने रेघ ओढली.

सह्यांच्या आधी शेवटचा वाद झाला तो लसीकरणाच्या मूळ कार्डावर. चांगली दहा मिनिटं. मूळ तिच्याकडे राहिलं, रंगीत झेरॉक्स त्याच्याकडे, आणि पाचव्या वर्षाच्या डोसला दोघांपैकी न्यायचं कुणी ते डॉक्टरांची वेळ मिळाल्यावर ठरवायचं असं ठरलं.