रेणूचं बटण आधी मोजून बघ

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. प्रकाशाने आकार बदलणारं ॲझोबेन्झीन बटणासारखं वापरायचं म्हणतोस. पहिल्याच पानावर रेणूयंत्रं, त्यांच्यासाठीचं २०१६ चं रसायनशास्त्राचं नोबेल, कर्करोगावरची औषधं, सगळं आलंय. ॲझोबेन्झीनचा एकही वर्णपट (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला जातो याचा आलेख) मात्र कुठे दिसला नाही. सुरुवात तिथून कर.

दोन बेन्झीन कडी आणि मध्ये दोन नायट्रोजन, एवढाच हा रेणू. ट्रान्स रूपात सपाट आणि लांबट असतो. अतिनील प्रकाश पडला की कमरेत वाकतो आणि सिस होतो. दोन टोकांच्या कार्बनमधलं अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ वर येतं. निळ्या प्रकाशाने किंवा नुसत्या उबेने परत सरळ होतो. हार्टली या रसायनशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये हे सिस रूप दाखवलं, आणि आज जिथे तिथे त्याचं चित्र दिव्याच्या बटणासारखं काढतात. दिव्याचं बटण एक तर चालू असतं, नाहीतर बंद. इथे प्रश्न असतो की बाटलीतल्या रेणूंपैकी किती उलटले आणि उलटलेले किती वेळ टिकले. हे दोन आकडे हातात नसतील तर पुढचं सगळं हवेत.

९.१ मिलिग्रॅम ॲझोबेन्झीन ५० मिलि ॲसिटोनायट्राइल या द्रावकात विरघळव. १ मिलिमोलर (लिटरला एक सहस्रांश मोल) साठा झाला. त्यातला १ मिलि घेऊन २५ मिलिपर्यंत वाढव. १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक चौकोनी नळीत) ३२० नॅनोमीटरच्या आसपास शोषण ०.८ ते ०.९ यायला हवं. क्युव्हेट क्वार्ट्झचीच घे, साधं प्लास्टिक अतिनील अडवतं. ॲसिटोन तर नकोच, ते ३३० च्या खाली स्वतःच शोषतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. बाटलीतली पावडर उजेडात राहिलेली असते, म्हणजे त्यात थोडं सिस आधीच असतं. ते तू ‘शुद्ध ट्रान्स’ धरलंस की पुढची सगळी टक्केवारी चुकली. द्रावण फॉइलमध्ये गुंडाळ, झाकण घट्ट लाव आणि रात्रभर ५० ते ६० अंशांवर ठेव. मग खोलीतली ट्यूबलाइट बंद करून लाल दिव्यात पहिला वर्णपट घे. स्पेक्ट्रोफोटोमीटर (शोषण मोजायचं यंत्र) डायोड-ॲरेचा, म्हणजे सगळ्या तरंगलांबी एकदम मोजणारा, असेल तर त्याचा दिवाही नमुन्याला उलटवतो, म्हणून मोजणी झाली की शटर बंद.

नंतर ३६५ नॅनोमीटरची एलईडी लाव आणि दर ३० सेकंदांनी वर्णपट घे. तो बदलायचा थांबला की तिथे समतोल आला. ३२० चं शोषण ०.८८ वरून ०.२० झालं असेल तर निदान ७७ टक्के सिस झालं. ‘निदान’ म्हणायचं, कारण सिसही तिथे थोडं शोषतं. नेमका आकडा एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रूपं ओळखणाऱ्या यंत्रावर) काढ. १०० टक्के कधीच मिळणार नाही. ४५० ला उलट फिरवतानाही थोडं सिस उरतंच, कारण त्या पट्ट्यात दोन्ही रूपं शोषतात. सगळे आलेख एकावर एक काढ. काही ठराविक बिंदूंवर ते एकमेकांना छेदायला हवेत. ते बिंदू सरकले तर रेणू मोडतोय, किंवा द्रावणात गोळा होऊन साका धरतोय. साका असेल तर ६०० च्या पुढेही आलेख शून्यावर बसत नाही. आणि एलईडीखाली पंखा ठेव, नाहीतर तिच्याच उष्णतेने सिस परतेल आणि तू दोष प्रकाशाला देशील.

सोन्याच्या नॅनोकणांवर हा रेणू बसवायचा म्हणतोस ना, तिथे गर्दीची अडचण आहे. थायॉलच्या, म्हणजे सोन्याला चिकटणाऱ्या गंधकाच्या, शेपटीने रेणू शेजारी शेजारी दाटले की वाकायला जागाच उरत नाही. विरार लोकलमध्ये हात खिशात घालून बघ, म्हणजे कळेल. मध्ये मध्ये साधं अल्केनथायॉल (बटण नसलेली तशीच शेपटी) मिसळून त्यांना विरळ कर. शिवाय सोनं प्रकाशाने उत्तेजित झालेल्या रेणूची ऊर्जा ओढून घेतं, म्हणून सोनं आणि रेणू यांच्या मधली साखळी फार आखूड नको.

औषधाच्या बाबतीत अर्धायुष्य (निम्मं सिस परतायला लागणारा वेळ) हाच कळीचा आकडा. साध्या ॲझोबेन्झीनचं सिस खोलीच्या तापमानाला काही दिवस टिकतं. डोळ्याच्या दृष्टिपटलावर वापरायच्या रेणूला अंधार होताच सेकंदाच्या आत परतावं लागतं. उलट ऑर्थो जागी (कड्यावर नायट्रोजनच्या जोडाशेजारी) फ्लोरीन बसवली की सिस वर्षभराहून अधिक टिकतं आणि हिरव्या प्रकाशानेही वळतं. तेव्हा काम आधी ठरव, रेणू मग निवड. ३६५ चा प्रकाश त्वचेत मिलिमीटरभरही जात नाही, त्यामुळे आतल्या गाठीसाठी ६५० च्या पुढे शोषणारी रचना लागेल.

पेशीतलं ग्लुटाथायॉन हे गंधकयुक्त संयुग काही ॲझो बंध (दोन नायट्रोजनमधला बंध) तोडतं. १० मिलिमोलर ग्लुटाथायॉन, पीएच ७.४, ३७ अंश, २४ तास: ही चाचणी पेशींवर जाण्याआधी कर. हा बंध शरीरात तुटतो ही काही नवी गोष्ट नाही. १९३५ चं प्रॉन्टोसिल हे जंतुविरोधी औषध असंच तुटून सल्फानिलामाइड बनायचं आणि म्हणूनच काम करायचं. सल्फासॅलाझिन या आतड्याच्या सुजेवरच्या औषधाला तर आतड्यातल्या जिवाणूंनी तोडावं हाच हेतू आहे. तुझ्या रेणूचं मात्र बटणच जाईल.

अंधारातला, ३६५ नंतरचा आणि ४५० नंतरचा असे तीन वर्णपट आधी पाठव. नमुना किती तापमानाला होता तेही शेजारी लिही.